मिस्त्रीला काम उक्तं देताय? मग आधी टेप आणि वही हातात घ्या

अमडापूर (ता. चिखली) : सोयाबीनचा पैसा हातात आला की आपल्याकडं दोन खर्च निघतात, एक लग्न आणि दुसरं घर. दिवाळीनंतर चिखली-खामगाव रस्त्यानं गेलं की गावागावात रेतीचे ढीग, विटांचे चट्टे आणि सेंटरिंगच्या बल्ल्या दिसू लागतात. पण त्यातच एखादं घर असंही असतं, ज्याच्या भिंती खिडकीच्या वर येऊन थांबल्या आहेत. सळ्या गंजल्या, आत तरोटा उगवला. घरमालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मिस्त्री येतो म्हणला होता." आणि पैसे? "ते तर देऊन झाले."

अशा प्रत्येक घरामागं लबाड मिस्त्रीच असतो असं समजू नका. मिस्त्रीचं गणित आधी समजून घ्यायला पाहिजे. त्याच्याकडं भांडवल नसतं. तो तुमच्याकडून इसार घेतो आणि आधीच्या कामावरच्या मजुरांची राहिलेली मजुरी देतो. मग तुमच्या कामाला पैसा लागतो, म्हणून तिसऱ्या गावात नवं काम धरतो, तिथला इसार घेतो. एका वेळी तीन-चार घरं अशी चालतात. ज्या घराचा मालक पुढचे पैसे हातात धरून बसलेला असतो तिथं तो रोज येतो. ज्यानं सगळे देऊन टाकले त्याच्याकडं यायला त्याला कारण उरत नाही. साधी गोष्ट आहे, पण इथंच बहुतेक घरं अडतात.

त्यात सध्या मिस्त्रींची टंचाई आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या कार्यक्रमात प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यातली राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांची मंजुरीपत्रं वाटली गेली आणि १० लाख जणांना पहिला हप्ता सोडला गेला. एवढी घरं एकाच वेळी निघाली तर गवंडी येणार कुठून? कालपर्यंत बिगारी असलेला माणूस आज "मिस्त्री" म्हणून ठेका घेतो. घरकुलवाल्यानं आणि स्वतःच्या पैशानं खोली काढणाऱ्यानंही म्हणूनच जरा थांबून विचार करायची वेळ आहे.

*घरकुलात ठेकेदार चालतच नाही*

ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, त्यात ठेकेदार आणायचा नाही. सरकारी खात्यानंही ते बांधून द्यायचं नाही. ठेकेदाराकडून बांधल्याचं उघड झालं तर त्या घरांपोटी राज्याला दिलेला पैसा परत घेण्याचा हक्क केंद्रानं राखून ठेवला आहे.

याचा अर्थ मिस्त्री लावायचा नाही असा नाही. गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाला हे लागणारच. त्यांना रोजानं किंवा मजुरीच्या ठरावावर लावा. पण "पासबुक माझ्याजवळ द्या, चावी तुमच्या हातात देतो" म्हणणारा जो माणूस असतो, तो या योजनेत बसत नाही. कोणी म्हणलं की "साहेबांनीच मला काम दिलं, अख्ख्या गावाची घरकुलं माझ्याकडं आहेत," तर त्याला एवढंच विचारा की तसा लेखी कागद दाखव. असा कागद नसतो.

म्हातारं, अपंग किंवा एकटं माणूस असेल तर? त्याचीही सोय सूचनांत आहे. अशांचं घर गवंडी प्रशिक्षणाच्या कामात घेता येतं. हे प्रशिक्षण ४५ दिवसांचं असतं आणि प्रशिक्षणार्थी खरंखुरं घर बांधूनच शिकतात. तेही जमलं नाही तर मदत मिळवून देण्याची जबाबदारी राज्य शासनाची आहे. पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता बसतात, त्यांना विचारायचं.

आता पैशाचं बघू. सपाट भागात केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार रुपये. राज्य सरकारनं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर संचाला. संडासचे १२ हजार वेगळे. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे २८ हजार ८० रुपये. सौर सोडून बेरीज केली तर १ लाख ९५ हजारांच्या आसपास जाते. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ स्क्वेअर फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. तेवढ्यात घर होतं का, हा प्रश्न कोणालाही विचारा, हसतील. पदरचे टाकावेच लागतात. म्हणूनच त्यातला एक रुपयाही वाया जाणं परवडत नाही.

रोजगार हमीची मजुरी अनेकांच्या हातून निसटते. हजेरीपट निघाला नाही, जॉबकार्ड जोडलं नाही, आणि घर झाल्यावर आठवण आली. तेव्हा उशीर झालेला असतो. पाया खोदायच्या आधीच रोजगार सेवकाकडं मागणी द्या. तसंच रेतीचं. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत ठेवली आहे, वाहतूक आपली. खडकपूर्णा आणि पूर्णेच्या रेतीचा भाव ज्यानं विचारला आहे त्याला ५ ब्रासची किंमत सांगायची गरज नाही. तहसीलला चकरा पडतील, पण मारा.

हप्ते लाभार्थ्याच्या खात्यातच येतात. काम एका टप्प्यावर आलं की जागेवर उभं राहून मोबाईलवर फोटो काढला जातो, त्यात ठिकाणाची नोंद होते, मग पुढचा हप्ता. म्हणजे सरकारसुद्धा काम बघूनच पैसे देतं. मग आपणच मिस्त्रीला आधी का द्यायचे? एटीएम कार्ड, सही केलेली पैसे काढायची स्लिप, अंगठा लावायची मशीन घेऊन घरी आलेला माणूस, यांच्यापासून दूर राहायचं. हप्ता पडला की मोबाईलवर मेसेज येतो. तो आईच्या किंवा आजीच्या खात्याचा असेल तर घरातल्या शिकलेल्या पोरानं वाचून तिला सांगावं, मिस्त्रीनं नव्हे.

*रोजानं, मजुरीवर, की मालासकट?*

सोयाबीन सोंगायला उक्तं दिलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. टोळी घाई करते, बुडखे उंच राहतात, शेंगा गळतात. पण ते संध्याकाळी डोळ्यांना दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सांगता येतं. घराचं उक्तं काम बिघडलं तर ते दोन पावसाळ्यांनंतर दिसतं, स्लॅबला ओल येते तेव्हा.

रोजानं लावलं तर काम संथ चालतं, पण दर्जा आपल्या हातात राहतो. एखादी भिंत, ओटा, गिलाव्याची दुरुस्ती अशा लहान कामाला हेच बरं. मजुरीचा ठराव म्हणजे माल मालकाचा आणि हात मिस्त्रीचे. खेड्यात हाच प्रकार जास्त चालतो आणि एकूण बघता हाच बरा पडतो, फक्त मोजमाप नीट लिहिलेलं पाहिजे. मालासकट ठेका दिला की डोक्याला ताप कमी वाटतो, पण तिथं सिमेंट किती गेलं, सळई किती जाडीची गेली हे फक्त देणाऱ्यालाच माहीत असतं. नोकरीवर बाहेरगावी असलेल्यांनी असं काम दिलं तर निदान सिमेंट आणि लोखंड स्वतः घ्यावं आणि बाकीचं त्याच्यावर सोडावं.

*"ब्रास" म्हणजे नेमकं काय?*

निम्मी भांडणं या एका शब्दावरून होतात. रेती, गिट्टी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण गिलावा, फरशी, स्लॅब यांच्या मजुरीत मिस्त्री ब्रास म्हणतो तेव्हा तो १०० स्क्वेअर फूट असतो. भाव ठरवताना हे दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि ऐकणारा गोंधळतो.

ट्रॉली आली की टेप लावा, लाजू नका. ट्रॉलीची आतली लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि रेतीची उंची दीड फूट भरली तर १० × ६ × १.५ म्हणजे ९० घनफूट झाले. ब्रासला १० घनफूट कमी. अशा पाच ट्रॉल्या घेतल्या तर अर्धा ब्रास रेती न येताच तिचे पैसे गेले. मधे ढीग आणि कडेला खोल असेल तर फावड्यानं सारखं करून मग मोजा.

ओली रेती फुगते हेही लक्षात ठेवा. घरी करून बघा. बादलीत दमट रेती अर्ध्याच्या वर भरा, दाबू नका, पातळीची खूण करा. मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. रेती खुणेच्या खाली गेलेली दिसेल. जेवढी खाली गेली तेवढी हवा विकत घेतली होती. स्वच्छता बघायची तर काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी हलवून तीन-चार तास ठेवा. वर मातीचा जाड थर बसला तर ट्रॉली परत पाठवा.

आता मजुरीचं मोजमाप. स्क्वेअर फुटानं ठरलं तर भिंतीच्या बाहेरून मोजायचं की आतून? छज्जा धरायचा का? जिन्याचा भाव वेगळा की त्यातच? गिलाव्यात दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही? मिस्त्री त्याच्या रिवाजानं मोजतो, मालक त्याच्या समजुतीनं, आणि शेवटच्या दिवशी २० हजारांचा फरक निघतो. यातलं कुठलं बरोबर, असा काही कायदा नाही. जे आधी ठरलं ते बरोबर. म्हणून आधी ठरवा.

*स्लॅबच्या दिवशी पोती मोजा*

स्लॅबच्या दिवशी मालक जेवणाच्या गडबडीत असतो आणि नेमकं तेव्हाच सिमेंट इकडचं तिकडं होतं. हिशोब सोपा आहे. २६९ स्क्वेअर फुटांचा स्लॅब साडेचार इंच जाड टाकला तर काँक्रीट भरतं १०१ घनफुटांच्या जवळ. घरच्या स्लॅबला नेहमी सांगितलं जाणारं एम-२० म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. या मापानं २३ ते २४ पोती लागतात. पाच इंच टाकला तर २६. बीम, छज्जा धरला तर आणखी. तोच स्लॅब १८ पोत्यांत झाला, तर मिस्त्रीनं "बचत" केली असं समजू नका. माल एकास दोन, चार असा पातळ झाला आहे.

पाणी हा दुसरा मुद्दा. माल ओतायला सोपा जावा म्हणून बिगारी बादलीवर बादली ओततो. एम-२० ला एका पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी जाता कामा नये, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहून कमी. पाणी जास्त झालं की स्लॅब आतून पोकळ राहतो आणि पुढं गळतो.

सळईची जाडी डोळ्यांनी ओळखत नाही. वजन करा. १२ मीटरची, म्हणजे ४० फुटांची एक सळई ८ मिलिमीटरची असेल तर सुमारे ४.७ किलो, १० ची ७.४ किलो आणि १२ ची १०.७ किलो भरते. दुकानातल्या काट्यावर पाच सळया एकत्र टाकून बघितलं की कळतं. थोडाफार फरक चालतो, अर्ध्या किलोचा नाही. आणि सळईचा जाळ सेंटरिंगच्या पत्र्यावर टेकलेला नसावा. खाली सिमेंटचे छोटे ठोकळे, ज्याला कव्हर ब्लॉक म्हणतात, ते बसवलेले पाहिजेत. ते नसले की काही वर्षांनी छताच्या खालून खपल्या पडतात आणि गंजलेलं लोखंड दिसतं.

सेंटरिंगवाल्याला त्याच्या बल्ल्या दुसरीकडं न्यायची घाई असते. साध्या ओपीसी सिमेंटसाठी मानक सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा स्लॅब असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस, आणि बीमखालचे १४ ते २१ दिवस काढायचे नाहीत. आपल्याकडं दुकानात बहुधा पीपीसी मिळतं, ते सावकाश पकडतं, म्हणून त्याला आणखी दिवस द्या. पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

*घाटावर पाणी नाही, घाटाखाली खारं*

पाणी मारणं हे काम नेहमी मालकाच्या गळ्यात पडतं आणि चिठ्ठीत कधीच नसतं. ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीला १० दिवस ओल टिकली पाहिजे, आणि आपल्या उन्हात १० ते १४ दिवस धरा. सकाळी एकदा शिंपडून दुपारी तापायला सोडलं तर त्याचा उपयोग नाही. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे आळे करून पाणी साचवून ठेवतात ते बरोबर आहे. भिंतींना ओली पोती.

घाटावर चिखली तालुक्यात एप्रिल-मे मध्ये प्यायच्या पाण्याचे वांधे होतात, तेव्हा स्लॅबला टँकर कुठून आणणार? त्यामुळं स्लॅब शक्यतो फेब्रुवारीच्या आत ओढून घ्यावा. घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या वाचकांची अडचण वेगळी आहे. तिथं बोअरला पाणी असतं, पण खारं. खाऱ्या पाण्यानं सिमेंट कालवलं तर आतली सळई लवकर गंजते. जे पाणी पिता येत नाही ते काँक्रीटात घालू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

पायाचंही असंच जमिनीवर ठरतं. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकला की भिंतीला तिरक्या भेगा ठरलेल्या. मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत खाली जायचं. कुठं तो तीन फुटांवर लागतो, कुठं सहा फूट खोदलं तरी काळीच. इथंच मिस्त्रीशी पहिलं वाजतं, कारण मजुरी चार फूट धरून ठरलेली असते. म्हणून चार फुटांच्या खाली प्रत्येक फुटाला किती, हे आधी बोला. काळी फारच खोल असेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. अभियंत्याला जागेवर आणा. त्याची फी घराच्या खर्चापुढं फार नसते.

*एक चिठ्ठी, दोन सह्या*

"आपल्या गावचाच माणूस, त्याच्याशी काय लिहून घ्यायचं?" असं म्हणून लाजेखातर काही लिहिलं जात नाही. तोंडी करार कायद्यानं खोटा नसतो, पण तो शाबीत करता येत नाही. ओळखीचा असेल तर उलट जास्तच लिहा, म्हणजे ओळख टिकते. स्टॅम्पवर करायचं तर आता ५०० रुपयांचा लागतो, शंभरचा बंद झाला. लहान कामाला वहीच्या पानावर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार हेही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. मजकूर असा धरता येईल :

"मौजे ____ येथील घर, आठ नंबरच्या उताऱ्यावरील क्रमांक ____. काम : दोन खोल्या, ओटा, संडास, नकाशा मागे काढला आहे. माल मालकाचा, मजुरी मिस्त्रीची. सेंटरिंगचं सामान मिस्त्रीचं. भाव दर स्क्वेअर फूट ____ रुपये, मोजमाप भिंतीच्या बाहेरून, छज्जा अर्धा धरायचा. पाया चार फूट, त्याखाली दर फुटाला ____ रुपये. माल एकास दीड, तीन. स्लॅब साडेचार इंच. काम सुरू ____ तारखेला, संपणार ____ तारखेला. सलग आठ दिवस काम बंद राहिलं तर मालक दुसरा मिस्त्री लावेल आणि झालेल्या कामाचं मोजमाप करून हिशोब होईल. पैसे खालीलप्रमाणे..."

पैशाच्या टप्प्यांवर मात्र घाई करू नका. समजा मजुरी १ लाख ठरली. सुरुवातीला १० हजार, जोतं झालं की २० हजार, भिंती लिंटेलपर्यंत आल्या की २०, स्लॅब पडला की २०, गिलावा-फरशी झाली की २०, आणि शेवटचे १० हजार पहिला जोरदार पाऊस होऊन छत, संडास, नळ तपासल्यावर. आकडे कमी-जास्त करा, पण एक पाळा. कुठल्याही दिवशी मिस्त्रीनं काम सोडलं तर झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे जास्त नसावेत. मिस्त्री शनिवारी मजुरांच्या पगाराला मागतो, ते खरं असतं, त्याला अडवू नका. आठवड्याची उचल द्या आणि ती त्या टप्प्यातून वजा करा. त्याचाही संसार चालला पाहिजे. त्यालाही सही केलेली चिठ्ठी द्या, कारण पैसे बुडवणारे घरमालकही कमी नाहीत.

उचल शक्यतो फोनपे-गुगलपेवर द्या आणि तिथंच "जोत्याची उचल" असं लिहा. रोख दिली तर वहीत सही. दर टप्प्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सळई बांधलेली असतानाचा तर नक्की, कारण नंतर ती दिसणार नाही.

काम सुरू करण्याआधी मिस्त्रीनं बांधलेलं दोन वर्षांपूर्वीचं घर बघून या. नवं घर सगळ्यांचंच चांगलं दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं घर बघा आणि त्या घरच्या बाईला विचारा. गळतं कुठं ते तिला माहीत असतं.

आणखी एक विचारा : मजुरांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का? वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं होते. ती चालू असेल आणि कामावर अपघातात मृत्यू झाला तर वारसाला मंडळाकडून ५ लाखांची मदत मिळते. नोंदणी नसेल तर पहाडावरून पडलेल्या मजुराचं कुटुंब घरमालकाच्या दारात येऊन बसतं, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

*काम अडलंच तर*

आधी दुसरा मिस्त्री लावू नका. त्यानं एक वीट जरी लावली तरी पहिल्याचं काम कुठपर्यंत होतं ते सांगता येत नाही. दोन पंच बोलवा, झालेलं काम मोजा, फोटो-व्हिडिओ काढा, कागदावर लिहून सह्या घ्या. मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं कळवा की अमुक तारखेपर्यंत काम सुरू कर. बहुतेक वेळा एवढ्यानंच गाडी रुळावर येते.

पोलिसांत गेलं तर अनेकदा "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळतं. ते प्रत्येक वेळी चूक नसतं. काम अर्धवट राहणं आणि सुरुवातीपासून फसवायच्या हेतूनं पैसे घेणं यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं. खोट्या पावत्या दिल्या, एकच बहाणा करून पाच-सहा घरांकडून इसार उचलला, असं असेल तर सगळ्यांनी मिळून जावं.

ग्राहक आयोग हा मार्ग खेड्यात फार कमी जण वापरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही "सेवा" आहे. बुलडाण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. अट एकच : काम ठरावावर दिलेलं असावं. रोजानं लावलेला, तुम्ही सांगाल तसं काम करणारा गवंडी यात बसत नाही. आणि तिथं पहिल्यांदा विचारलं जातं ते ठरलं काय होतं आणि पैसे दिल्याचा पुरावा काय. नुसती विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा.

घरकुलाचं काम अडलं तर वेळेचाही प्रश्न येतो, कारण मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं असतं. मिस्त्री पळाला असेल तर गप्प बसू नका. ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढच्या हप्त्याचा फोटो काढायला किंवा यादीत नाव "वर घ्यायला" कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.